पाच-दहाची पाच-एक

आमच्या घरात काळजी मोजायचं माप म्हणजे शेंगोळी. आई काळजीत पडली की हुलग्याचं पीठ काढायची, त्यात लसूण-मिरचीचं वाटण घालून घट्ट मळायची आणि तळहाताखाली एकेक वळी फिरवत बसायची. काळजी साधी असली, म्हणजे गॅस संपत आलाय किंवा अण्णांची शिफ्ट बदललीय, तर शेंगोळी घरापुरती व्हायची. काळजी मोठी असली की शेजारपाजारी वाट्या जायच्या. आणि ज्या आठवड्याची ही हकीकत आहे, त्या आठवड्यात मोशीतल्या आमच्या आळीतली कुत्रीसुद्धा शेंगोळ्या बघून तोंड फिरवायला लागली होती. माझी मुलगी म्हणते, मम्मी, कुत्र्यांचं खोटं आहे. असेल. पण पातेलं खरं होतं, त्यातली रटरट खरी होती, आणि ती ऐकून माझ्या पोटात जो खड्डा पडायचा तो तर इतका खरा होता की आज रावेतच्या चौदाव्या मजल्यावरसुद्धा शेगडीवर काही रटरटलं की मी आधी विचारते, काय झालं?

काळजीचं कारण मी. उभीच्या उभी मी. पाच फूट दहा इंच. आमच्याकडं अशा उंचीला पाच-दहा म्हणतात आणि कागदावर ५.१० असं लिहितात. आधी फूट, मग टिंब, मग इंच. ते टिंब लक्षात ठेवा, पुढं सगळा घोळ त्याच्याच आसपास झाला. आता पाच-दहा म्हणजे काय, हे त्या काळच्या मोशीत ज्यानं पाहिलं त्यालाच कळेल. बसमधला वरचा दांडा मला धरावा लागत नसे, तोच माझ्या डोक्याला टेकून उभा राहायचा. पतंग अडकला की पोरं शिडी आणायला जात नसत, मला आणायला येत. इंद्रायणीला पूर आला की गावातली जाणती माणसं मला घाटाच्या पायरीवर उभी करायची आणि पाणी कुठवर चढलं ते माझ्यावर बघायची. हे शेवटचं मी थोडं वाढवून सांगितलं. पूर तेवढा मोठा नव्हता.

मुलं बघायला यायची. मी बसलेली असेपर्यंत सगळं झकास चालायचं. पोहे, शिरा, ‘काय शिकलीस’, ‘स्वयंपाक येतो का’. मग कुणीतरी बाई म्हणायची, जरा चालून दाखव गं. मी उठायची, आणि मुलाची मान माझ्याबरोबर वर वर जायची, जशी जत्रेत पाळण्याकडं बघताना जाते. पोहे अर्धे राहायचे. ‘कळवतो’ म्हणून मंडळी जायची ती कायमची. मग घरात फोनशेजारी बसायचं एक जीवघेणं काम सुरू व्हायचं. आई भाजी फोनजवळ निवडायची, आत्या वाती फोनजवळ वळायची. ही शकूआत्या, अण्णांची थोरली बहीण, नवरा वारल्यापासून आमच्याकडंच राहायला होती आणि बोलण्यात मला फक्त तीच भारी पडायची. अण्णा मात्र बोलत नसत. चाकणच्या एका कंपनीत पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काम करून करून त्यांचे कान जाम झाले होते; जे काही बोलत ते ओरडून बोलत, आणि ओरडायला लागतं म्हणून बोलतच नसत. पहाटे कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला की डबा घेऊन निघायचे, दुपारनंतर परत, हातपाय धुऊन भाकरी. माझ्या लग्नाचा विषय निघाला की ते पाण्याच्या तांब्याकडं बघत बसायचे.

घरातून तेवढीच सुटका म्हणून मी चिंचवड स्टेशनला एका क्लासला जायला लागले. खाली टायरचं दुकान, वर क्लास. खालून हवा भरायचा फुस्स आवाज आणि वरून घुगे सरांचा. सर लातूरकडचे, बारीक अंगाचे, आणि मी शेजारी उभी राहिले की सावलीत यायचे. वेबसाइटच्या पानात जीव घालणारी भाषा ते शिकवायचे. बटण दाबलं की पानानं काहीतरी करायला पाहिजे, ते करायला सांगणारी. तिचे पहिले धडे म्हणजे माहितीचे प्रकार: कुठली गोष्ट आकडा, कुठली मजकूर, कुठली नुसती खरं-खोटं.

“सांगा, फोन नंबर हा नंबर हाय का?” सरांनी विचारलं.

आम्ही सगळ्यांनी एका सुरात, हो सर.

“मग तुझा न माझा नंबर मिळव, बेरजेवर फोन लाव, न कोन उचलतंय ते सांग मला.” वर्ग हसला. सर हसले नाहीत. “ज्याच्या बेरजेत काही अर्थ नाही ते आकडे दिसले तरी आकडे नव्हेत. तो मजकूर. त्याला कोट घालायचे. दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं. कोट घातला की मशीन त्याला हात लावत नाही, जसंच्या तसं ठेवतंय. कोट नाही घातला की ते हिशोबाला बसतंय.”

खरं-खोटं या प्रकाराला ते ‘आमचा सासरा’ म्हणायचे, कारण त्यात हो किंवा नाही, मधलं काही नाही. आणि रिकामेपणाचे दोन प्रकार त्यांनी चहावर समजावले. “मी तुला चहा विचारलाच नाही, ते अनडिफाइन्ड. मी विचारलं न तू नको म्हणालीस, नायतर मग बघू म्हणालीस, ते नल. दोन्ही वेळा कप रिकामाच. पन रिकामेपणात फरक हाय ना बाई? न विचारलेला पाहुना जन्मभर ध्यानात ठेवतो.” मला सरांचं बोलणं फार आवडायचं. घरी येऊन मी आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, “चा न्हाई पाजत व्हय तुमचा मास्तर?”

माझ्या आधीच्या तुकडीत माझा चुलतभाऊ संत्या होता. सर हे प्रकार शिकवायला लागले त्याच आठवड्यात त्याचे दोस्त लोणावळ्याला निघाले, आणि संत्याचं संगणकशास्त्र तिथल्या धबधब्यात वाहून गेलं. परत आल्यावर तो थेट पुढच्या धड्यात जाऊन बसला. तरीही गावात बातमी अशी की संत्या इंटरनेट शिकलाय. त्यामुळं आमच्या समाजाच्या वधूवर मंडळानं जेव्हा वेबसाइट काढायची ठरवली, तेव्हा पोतंभर बायोडाटे संत्याच्या घरी येऊन पडले. त्यानं ते बसून भरले, आणि एका मंगल कार्यालयात मेळावा भरवून अध्यक्षांच्या हस्ते माउसचं बटण दाबण्यात आलं. टाळ्या झाल्या. माउसला हार घातला होता असं मला आठवतं, पण ते मी शपथेवर सांगणार नाही.

आणि मग आमचा फोन वाजायला लागला.

ज्या फोनला आम्ही वर्षानुवर्षं हळदीकुंकू वाहायचं बाकी ठेवलं होतं, तो आता भाकरी तव्यावर असताना वाजायचा, मी न्हाणीत असताना वाजायचा. तळेगाव, चाकण, हिंजवडीकडचे लोक. सगळ्यांचं एकच वाक्य, सगळं बघूनच फोन केलाय, मुलगी अगदी जुळतीय. आईनं गावदेवीची ओटी भरली. आत्यानं माझी दृष्ट काढली. त्यातलं पुनावळ्याचं एक स्थळ सगळ्यांत वरचं. मुलगा टूलरूममध्ये इंजिनियर, घरी फक्त आई, सगळं मामा बघतात. मामाच फोनवर बोलले. रविवारी येतो म्हणाले. आईनं फोन ठेवला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिनं वरण-भात केला. शेंगोळी नाही. मी दोनदा वाढून घेतला.

शनिवारी क्लासमध्ये मोठ्या रुबाबात मी सरांना म्हणाले, सर, आमच्या समाजाची साइट बघा. पान उघडलं. माझा फोटो आला, बसलेला. खाली माझं नाव, शिक्षण, आणि उंची: ५.१. त्याखाली मंगळ: आहे. त्याखाली अपेक्षा, आणि तिथं इंग्रजीत लिहिलेलं, अनडिफाइन्ड.

सर आधी हसले. माझ्याकडं मान वर करून बघितलं आणि हसायचे थांबले. “हे कुनी लिवलंय?”

“चुलतभावानं.”

“कोट नाही घातला पोरानं उंचीला.” त्यांनी पानामागचा मजकूर उघडून दाखवला. संत्यानं माझे पाच-दहा अगदी बरोबर लिहिले होते, पण उघडे. “मशीनला वाटलं हा आकडा. टिंबाच्या मागचं शेवटचं शून्य त्याला फुकटचं. पाच पूर्णांक दहा शतांश न पाच पूर्णांक एक दशांश, त्याच्या लेखी सारखंच. काढून टाकलं. न इथं मंगळाला त्यानं ‘नाही’ लिवलंय, पन कोटात. ह्याला मराठी कुठं येतंय? कोटात काहीतरी हाय एवढंच ते बघतंय. काहीतरी हाय म्हंजे खरं. नाही लिवलं तरी खरं.”

“म्हणजे सगळ्यांनाच मंगळ?”

“अख्ख्या समाजाला.”

इतके दिवस मी ज्यांचे फोन ऐकत होते ती सगळी मंडळी एका बुटक्या, मंगळाच्या मुलीला फोन करत होती. माझ्या घरी, माझ्या नावानं. आणि उद्या ती येणार होती. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले, पण गुडघे समोरच्या सीटला टेकत होते, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की ह्या गुडघ्यांचं काहीतरी केलं पाहिजे. भोसरी गेली, कंपन्यांच्या भिंती गेल्या, प्रेसचे ठोके ऐकू यायचे ते गेले. छातीतले ठोके काही गेले नाहीत.

घरी येऊन सगळं सांगितलं. आईनं कोपऱ्यातला डबा ओढून हुलग्याचं पीठ काढलं.

“फोन करून सांगू,” मी म्हणाले. “पाच-एक नाही म्हणून. मंगळ नाही म्हणून.”

“सांगू नको,” आई म्हणाली. हात पिठात, आवाज पिठासारखाच घट्ट. “येऊ दे त्यास्नी. आल्यावर मानूस आवडतं. घर आवडतं. कागदावरून न्हाई म्हनणारं मानूस समोर आल्यावर व्हय म्हनतं.”

“आणि मी उभी राहिल्यावर?”

“तू उभी ऱ्हायाचंच न्हाई,” आत्यानं निकाल दिला. “बसल्या जागी मानूस पाच-एक काय न पाच-दहा काय, सारकंच.”

“आत्या, मग मी उठू कधी?”

“लग्नात ऊठ.”

“हार घालताना?”

“नवरदेवाला मामा उचलूनच घेतो की!”

अण्णा भिंतीला टेकून जेवत होते. त्यांना किती ऐकू गेलं कोण जाणे. त्यांनी वाटीतलं एक शेंगोळं उचललं, वळवून बघितलं, आणि परत वाटीत ठेवलं. मी त्यांच्याकडं बघत होते. ते काहीतरी बोलतील असं वाटत होतं. ते उठले आणि हात धुवायला गेले.

रविवारी सकाळपासून आत्यानं आमच्या बाहेरच्या खोलीची रचना बदलली. सोफ्यावर दोन गाद्या, त्यावर चादर, म्हणजे पाहुणे सिंहासनावर बसल्यासारखे उंच. माझ्यासाठी खाली पाट. पंखा बंद, कारण पंख्याशी माझं जुनं वैर आहे हे कुणाला दिसायला नको. मंडळी यायच्या आधीच मी बसलेली असणार, मंडळी गेल्यावरच उठणार. मुलीनं पोहे द्यायचे असतात, पण ते आत्या देणार. सांगायचं काय, तर माझा पाय मुरगळला आहे. संत्याला पाणी द्यायला बोलावलं होतं. त्याला अजून काही सांगितलं नव्हतं, त्यामुळं तो नवा शर्ट घालून, केस ओले करून, स्वतःच्या वेबसाइटनं बहिणीचं स्थळ जमवलं म्हणून छाती काढून फिरत होता.

पाटावर बसले तेव्हा कळलं की लपवायचं डोकं नव्हतं, लपवायचे होते गुडघे. मांडी घातली तर ते दोन्हीकडच्या भिंतींना लागतील असं वाटायचं. पाय दुमडून उभे धरले तर कानापर्यंत यायचे. शेवटी आईनं माझ्या साडीचा पदर पसरून त्यावर टाकला, आणि मी एखाद्या झाकलेल्या फर्निचरसारखी बसले. पोटऱ्यांना मुंग्या. कपाळाला घाम. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला आणि माझं अख्खं काळीज त्या पाटाखाली गेलं.

मामा पुढं, ढेरी पुढं, हातात कागदांची पिशवी. मागून मुलाची आई, बारीक, फिक्या साडीतली बाई. तिच्या मागून मुलगा, प्रवीण. तो गादीवर बसला तेव्हा त्याचे पाय जमिनीला टेकेनात. मी मान खाली घातली. एक तर तशी पद्धत, दुसरं म्हणजे मान वर केली तर उंची वाढते.

पोहे आले. आत्यानं पाय मुरगळल्याची हकीकत सांगितली, त्यात तिनं एक पायरी, एक केळीचं साल आणि एक मांजर घातलं. माझी गोष्टी सांगायची कला कुठून आली हे तुम्हाला आता कळलं असेल. मामा खूष होते. पिशवीतून छापलेले कागद काढून मांडीवर ठेवले.

“आम्हाला सगळ्यात काय आवडलं सांगू का, वहिनी? तुमच्या मुलीची अपेक्षा. बाकीच्या मुलींच्या बघा, पुण्यात फ्लॅट पाहिजे, सासू नको, सुट्टीला थंड हवेचं ठिकाण पाहिजे. आणि हिची? अनडिफाइन्ड! म्हणजे सीमाच नाही घातली कशाला. मोठ्या मनाची मुलगी. मी सायबर कॅफेतच म्हणालो, हीच.”

आई म्हणाली, “व्हय, मन मोठंच हाय तिचं.” संत्या पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा राहून हसला.

मी पाटाच्या खिळ्याकडं बघत होते. आता थोडंच, असं स्वतःला सांगत होते. पोहे संपतील, चहा होईल, ‘कळवतो’ होईल. तेवढ्यात मुलाची आई सोफ्यावरून उतरून माझ्याशेजारी खाली येऊन बसली. माझा हात हातात घेतला. तिचा हात गार होता.

“तुला सांगते पोरी,” ती हळू म्हणाली, “ठरलेली लग्नं मोडलीत माझ्या पोराची. मंगळ आहे म्हणून. काही लोक म्हणाले, लपवा, कोण बघतंय. पण मला झोप यायची नाही. कुणाच्या तरी लेकीला आणायचं आणि तिच्या जिवावर काही आलं तर? म्हणून हट्ट धरला, मंगळाचीच पाहिजे. आता तुला बघून घोर गेला बघ माझा.” आणि ती रडायला लागली. मोठ्यानं नाही, आपण एकट्या असताना रडतो तसं.

मंगळ-बिंगळ मी तेव्हाही मानत नव्हते, आजही नाही. पण ती मानत होती. माझ्या जिवाच्या काळजीनं मानत होती. मी आईकडं बघितलं. तिनं डोळ्यांनी सांगितलं, गप. आत्याकडं बघितलं, तिनं हातानं सांगितलं, बस. अण्णांकडं बघितलं. ते दाराशी खुर्चीवर बसले होते, आणि त्यांची नजर तांब्याकडं नव्हती, माझ्याकडं होती.

मी उठले. एकदम नाही, मला एकदम उठताच येत नाही, मजल्या-मजल्यानं उठावं लागतं. आधी गुडघे बाहेर आले, मग मी त्यांच्यावर चढले, मग कंबर सरळ झाली. मामांच्या हातातला पोह्यांचा चमचा माझ्याबरोबर वर निघाला आणि हवेत थांबला.

“काकू,” मी म्हणाले, “माझी उंची पाच-दहा आहे. मला मंगळ नाही. आणि माझी अपेक्षा मोठ्या मनाची नाही, ती कुणी भरलीच नव्हती.”

“ही फसवणूक आहे!” मामा उभे राहिले. उभे राहूनही फार फरक पडला नाही. “छापील आहे हे! इंटरनेटवर आहे!”

“साइटची चूक आहे, मामा. त्यात सगळ्यांनाच मंगळ आहे.”

“सगळ्यांना कसा असेल? मी मंगळाच्या मुली शोधल्या, मुबलक सापडल्या!”

“मुबलक नाही, सगळ्याच सापडल्या. तुमच्या पिशवीत दुसऱ्या कुणाचं पान आहे का? ज्या मुलीला मंगळ नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, अशा कुणाचं?”

मामांनी जरा ओशाळून तळाचा एक कागद काढला. त्यांच्या स्वतःच्या मुलीचं पान. मुलीचं नाव इंटरनेटवर आलं म्हणून कौतुकानं छापून घेतलं होतं, वाचलं नव्हतं. आपल्याच लेकीचं काय वाचायचं! त्यांनी ते आता वाचलं. ओठ हलले. ‘मंगळ: आहे’ इथं आल्यावर चेहऱ्याचा रंग उडाला.

“म्हणूनच,” ते खाली बसत म्हणाले, “म्हणूनच एक फोन नाही आम्हाला. इतके दिवस एक फोन नाही.” मग एकदम मान वर. “कोण आहे तो इंजिनियर?”

आम्ही सगळ्यांनी दाराकडं बघितलं. तांब्या जमिनीवर होता. संत्या नव्हता. मागल्या दारानं तो गेला तो, मी सांगते, आळंदीपर्यंत पळाला असणार.

प्रवीण तेवढ्यात पहिल्यांदा बोलला. “तुम्ही उठलात ते बरं झालं,” तो म्हणाला. “मला मघाशीच कळलं होतं. गुडघे बघून.” आणि थोडं थांबून, “दुखत असतील.”

दुखत होते. खरंच फार दुखत होते. मी मान हलवली, आणि का कोण जाणे, माझे डोळे भरून आले. आमचं लग्न होणार नव्हतं हे आम्हाला दोघांनाही तिथंच कळलं होतं; पण मला बघायला आलेल्या सगळ्या मुलांत माझ्या गुडघ्यांची चौकशी करणारा तो एकटाच. जाताना त्याच्या आईनं माझ्या गालाला हात लावला. त्यासाठी तिला टाचा उचलाव्या लागल्या. मामा चपला घालताना म्हणाले, “ते नीट करायला येतं तुला?”

“येतं.”

“मग उद्याच कर. अध्यक्षांना मी सांगतो. माझ्या पोरीला मंगळ नाही.”

गाडी गेली. आत्यानं पाट उचलून भिंतीला आपटून ठेवला. “सोताच्या हातानं फोन बंद पाडलास,” ती म्हणाली. “आता बस वाट बघत.” आई आत गेली. आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. त्या रात्री पुन्हा शेंगोळीच होती. आत्याचं बोलणं खरं होतं. उंची नीट केली की फोन थांबणार. स्वतःच्या हातानं थांबवायचा.

सोमवारी क्लासमध्ये सरांनी मला त्यांच्या खुर्चीवर बसवलं. मी एकेका मुलीच्या, एकेका मुलाच्या उंचीला कोट घालत गेले. मंगळाचे कोट काढून तिथं खरं किंवा खोटं लिहीत गेले. समाजाचा मंगळ उतरत चालला होता. दुपारनंतर जिन्यावर जड बुटांचा आवाज आला आणि दारात अण्णा. कंपनीच्या कपड्यांत, हातात रिकामा डबा. मोशीला न उतरता बसमधून तसेच पुढं आले होते. क्लासला ते कधीच आले नव्हते. सरांनी खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. माझ्या मागं उभे राहिले.

मी माझ्या पानावर आले. उंचीला कोट घातले. ५.१० उमटलं, शून्यासकट. मंगळ काढला. मग खाली अनडिफाइन्ड.

“ह्ये काय हाय?” अण्णांनी विचारलं. प्रेसवाल्यांच्या आवाजात, म्हणजे अख्खा क्लास वळला.

“अपेक्षा,” मी त्यांच्या कानाजवळ म्हणाले. “भरलीच नव्हती, म्हणून तसं येतं.”

“का न्हाई भरली?”

“कुणी विचारलंच नाही, अण्णा.”

ते पडद्याकडं बघत राहिले. खाली टायरमध्ये हवा भरायचा आवाज चालू झाला आणि थांबला. मग ते म्हणाले, तेवढ्याच मोठ्यानं, “मग मी इचारतो. तुझी काय अपेक्षा हाय, पोरी?”

मी इंद्रायणीकाठची सगळ्यात बडबडी पोरगी. पुराचं पाणी अंगावर मोजून घेणारी, माउसला हार घालणारी. मला एक शब्द फुटेना. मनात इतकं काही होतं की कुठून धरावं ते कळेना, आणि इतक्या वर्षांत कुठंच मांडलेलं नसल्यानं त्याला नावंही नव्हती. अण्णांनी वाट बघितली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. बसलेली होते म्हणून त्यांना पोचता आलं.

“सुचंल तवा सांग,” ते म्हणाले. “घाई न्हाई.”

मी अनडिफाइन्ड पुसलं आणि त्या जागी नल लिहिलं, कोट न घालता. घुगे सरांनी मागून वाचलं. मग अण्णांकडं वळून म्हणाले, “चहा घेता का?”